एकसष्टाव्या पानाचा समास

बाबांच्या जुन्या वैद्यकीय पुस्तकांना आई सवती म्हणायची. होत्या अडतीस. “अडतीस सवतींबरोबर संसार केला मी,” ती आल्यागेल्याला सांगायची, “आणि एकीनेही कधी चहाचा कप विसळला नाही.” बाबा हसायचे, आणि त्यांतलीच एक काचेच्या कपाटातून अलगद काढून मांडीवर घ्यायचे.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. पुस्तकं वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यायची, हे त्यांनीच लिहून ठेवलं होतं. ग्रंथपालबाई यादी करायला घरी यायच्या होत्या, त्या दिवशी मी सकाळपासून कपाटासमोर होते. एकच पुस्तक खालच्या फळीवरून वर ठेवत होते, वरून पुन्हा खाली.

“किती हलवशील ते?” आई दारातून म्हणाली. “पाळण्यातलं पोर असतं तर एव्हाना झोपलं असतं.”

मी जुनी पुस्तकं दुरुस्त करते. फाटलेली पानं सांधणं, सुटलेली शिवण पुन्हा घालणं, पाठीचं चामडं बसवणं, डाग काढणं. ग्रंथपालबाईंची ओळख याच कामातली. महाविद्यालयात दुर्मीळ पुस्तकांसाठी दुरुस्तीचा वेगळा विभाग सुरू होत होता आणि त्याची प्रमुख म्हणून त्यांनी समितीपुढे माझं नाव ठेवलं होतं. पत्र आठवड्याभरात निघणार होतं. आईचं ते अर्ध्या गल्लीला सांगूनही झालं होतं.

माझ्या हातातलं पुस्तक तापांवरचं होतं. तीनशे वर्षांपूर्वी एका वैद्याने लिहिलेलं. बाबा त्याला ‘तापवाला’ म्हणत. त्यांच्या सगळ्याच लेखकांना अशी नावं होती. लघवीच्या वीस रंगांचं चक्र छापून प्रत्येक रंगाला एक रोग वाटून देणारा तो ‘रंगारी’. एकही बाळंतपण डोळ्यांनी न बघता सुईणींना चारशे पानं उपदेश करणारा तो ‘पोपट’. बाबा स्वतः साधे डॉक्टर होते, खोकला, जुलाब, गळू बघणारे. पण संध्याकाळी दवाखाना बंद झाला की या मंडळींशी त्यांचं भांडण सुरू व्हायचं. “अरे शहाण्या,” ते पुस्तकाला म्हणायचे, “पेशंटच्या पोटाला एकदा हात तरी लावून बघायचास.”

तापवाल्याशी मात्र ते भांडत नसत. त्याच्या पुस्तकात एकसष्टाव्या पानावर लहान मुलांच्या तापासाठी वांती करवणाऱ्या औषधाची मात्रा दिली होती, आणि त्या छापील ओळींशेजारी, समासात, शाईने लिहिलेल्या तीन ओळी होत्या. बाबांनी त्या भिंग घेऊन दोन महिने वाचल्या. त्यासाठी पुस्तकाची ती जुनी, विद्वानांची भाषा ते पुन्हा शिकले. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखकाची सही होती. सहीचं वळण आणि या ओळींचं वळण एकच होतं. सही तरुण हाताची, ओळी थरथरत्या. एका रविवारी जेवताना त्यांनी वही काढून आम्हाला अर्थ वाचून दाखवला.

“या मात्रेने माझ्या हातून सात मुलं गेली. आठवा माझा होता, अमुक वर्षांचा. वाचणाऱ्याने मात्रा निम्मी करावी.”

वयाचा आकडा त्यांना लागला नव्हता. वहीत तिथे प्रश्नचिन्ह होतं.

“जेवताना काय हे?” आई म्हणाली. पण तिचाही घास हातातच राहिला होता.

“अडतीस पुस्तकं आहेत माझ्याकडे,” बाबा म्हणाले, “आणि त्यांतला एकच जण म्हणतोय की माझं चुकलं.”

डॉक्टरांचं एक मंडळ होतं, महिन्यातून एकदा जमायचं. तिथे या तीन ओळींवर निबंध वाचायचं बाबांनी ठरवलं. पुस्तकाची शिवण सुटली होती, पानांवर ओल लागून तपकिरी ढग उठले होते. मी तेव्हा चोवीस वर्षांची, हे काम शिकवणाऱ्या उस्तादांच्या हाताखाली दुसरं वर्ष संपवलेली. बाबांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. “काय कारागीर, जमेल ना? एकसष्टाव्या पानाला जप. तिथे माणूस बोललाय.”

मला नुसतं जमवायचं नव्हतं, त्यांना थक्क करायचं होतं.

आमच्या कामात पान धुता येतं. शिवण उसवून एकेक पान पाण्याच्या पसरट टबात निजवायचं. ओलीचे डाग पाण्यात उतरतात आणि पान उजळून निघतं. छापील शाईला काही होत नाही. हाताने लिहिलेल्या शाईचा भरवसा नसतो. म्हणून प्रत्येक लिखाणावर आधी पाण्याचा एक थेंब ठेवायचा, त्यावर टीपकागद दाबायचा, आणि टीपकागद कोरा निघाला तरच पान पाण्यात घालायचं. उस्तादांनी हे भिंतीवर लिहून ठेवलं होतं: आधी थेंब, मग टब.

मी थेंब ठेवला. पहिल्या पानावरच्या सहीवर. टीपकागद कोरा निघाला. एकसष्टाव्या पानावर ठेवला नाही, कारण अक्षर तेच होतं. अक्षर तेच होतं पण मधे तीस वर्षं गेली होती, दौत दुसरी होती. हाताची ओळख पटली म्हणून मी शाईवर विश्वास ठेवला. आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाच्या हातून ही चूक होणारच नाही; त्याला मुळात वळणं ओळखता येत नाहीत.

पान टबात गेलं आणि समासापाशी पाण्याला चहाचा रंग आला. मी पान झटकन उचललं. पाणी ओतून दिलं. पान वाळवलं, दाबलं, पुन्हा शिवलं. कागद सुरेख उजळला होता. समास कोरा होता, अगदी वाकून पाहिलं तर कुठे कुठे पुसट पिवळेपणा. बाहेर बसलेल्या उस्तादांना मी काही सांगितलं नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून आम्ही एक चिठ्ठी चिकटवतो, काय बिघडलं होतं आणि काय केलं याची, पेन्सिलीने. तिच्यावर मी लिहिलं: शिवण नवी. पाठ जुनीच. पानं कोरडी साफ केली. खाली नाव, तारीख.

मग मी पुस्तक बाबांना दिलं ते सभेच्या दिवशी, ते बूट घालत असताना. कापडात बांधून, दोन गाठी मारून. उघडून बघायला त्यांना वेळ नव्हता. ते मला माहीत होतं.

सभेत मी तिसऱ्या रांगेत होते. बाबांनी निबंध वाचला. शेवटी एका सर्जननी पुस्तक बघायला मागितलं. मोठे गमतीदार गृहस्थ होते, हसवल्याशिवाय बोलत नसत. बाबांनी गाठी सोडल्या, एकसष्टावं पान काढलं. मग साठावं. मग बासष्टावं. पुन्हा एकसष्टावं.

“डॉक्टर,” सर्जन त्यांच्या खांद्यावरून बघत म्हणाले, “तुमचा तापवाला भलताच लाजाळू दिसतो. चार माणसं बघितली आणि पळाला.”

सगळे हसले.

“मी उतरवून घेतलंय,” बाबा म्हणाले. “माझ्या वहीत आहे.”

“वहीत काय, माझ्या वहीत तर मी चाळीस किलोचा आहे!”

पुन्हा हसू. बाबांनी चष्मा काढला, पुस्तक मिटलं, कापडात बांधलं, तशाच दोन गाठी मारल्या. मी तिसऱ्या रांगेत होते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मंडळाच्या वार्षिक अंकात तो निबंध आला नाही. बाबांनी पुन्हा कधी काही लिहिलंही नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला एकदाच विचारलं, आईसमोर. “पान पाण्यात घातलं होतंस का गं?”

“नाही,” मी म्हणाले. “कोरडंच साफ केलं. तुम्ही पुस्तक खिडकीपाशी उघडं ठेवत होता ना, दोन महिने? उन्हाने उडते शाई.”

हे वाक्य मी आधी जुळवून ठेवलेलं नव्हतं. ते आपसूक आलं, आणि किती सफाईने आलं.

“मी सांगत नव्हते?” आई लगेच म्हणाली. “त्या खिडकीत बसू नका म्हणून? तुम्हाला उन्हात बसल्याशिवाय अक्षर दिसत नाही!”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात पेशंट “पथ्य पाळतो” म्हणायचा तेव्हा ते असेच बघायचे. मग म्हणाले, “बरं.”

आईने दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा लावला, दुहेरी अस्तराचा. त्यानंतर बावीस वर्षं बाबा भर दुपारी दिवा लावून वाचत राहिले.

त्यांनी पुढेही मला पुस्तकं दिली. रंगारी दिला, पोपट दिला, एकेक करून पस्तीस पुस्तकं माझ्या हाताखालून गेली. प्रत्येक वेळी देताना म्हणायचे, “आधी थेंब लाव हं, कारागीर.” आधी कधी म्हणत नसत. त्यांना हे कुठून कळलं होतं ते मी कधी विचारलं नाही. उस्तादांचा कारखाना त्यांच्या दवाखान्यापासून चार पावलांवर होता.

एवढंच असतं तर कदाचित मी ते गिळून टाकलं असतं. दिव्याचं मात्र गिळता येत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी कामासाठी अतिनील दिवा घेतला. हातात धरायचा, टॉर्चएवढा. अंधारात त्याच्या उजेडात जुना कागद निळसर उजळतो, आणि जिथे कधीकाळी शाई होती ती जागा काळी राहते, शाई धुऊन गेली असली तरी. बाबा तो बघायला मुद्दाम कारखान्यात आले. मी त्यांना एका पुस्तकावरचं खोडलेलं नाव वाचून दाखवलं. ते बराच वेळ दिव्याकडे बघत राहिले.

“म्हणजे,” ते म्हणाले, “गेलेलं सगळं जात नाही तर.”

आणि थांबले. स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून. मी दिवा बंद केला आणि विचारलं, “चहा घेणार?”

“घेऊ या,” ते म्हणाले.

ग्रंथपालबाई अकराला आल्या. त्यांनी हात धुतले, पुसले आणि बाबांच्या खोलीत टेबलापाशी बसल्या. आईने सवतींची थट्टा त्यांनाही ऐकवली. “माझी एकच सवत होती, कॅरम,” बाई म्हणाल्या. “रोज रात्री टकटक. पुस्तकं बरी हो, निदान गप्प तरी असतात.” दोघींची गट्टी जमली. टेबलावरचा दिवा लावलेला होता. त्या खोलीत दुसरा उजेड नव्हता.

एकेक पुस्तक बघत बाई लिहीत होत्या. माझ्या चिठ्ठ्या वाचून मान डोलवत होत्या. तापवाला शेवटी आला, कारण मी तो तळाशी ठेवला होता.

“हेच का ते?” बाईंनी विचारलं. “समासातल्या नोंदीचं? ऐकलंय मी ते प्रकरण.” त्यांनी एकसष्टावं पान काढलं, कोपरा दोन बोटांत धरून कानाशी हलकेच हलवलं. मग साठावं हलवलं. मग शेवटच्या पुठ्ठ्यावरची माझी चिठ्ठी वाचली. “आणि खाली हे डॉक्टरांचं अक्षर ना?”

मी वाकून पाहिलं. बावीस वर्षांत मी ते पुस्तक उघडलं नव्हतं. माझ्या चिठ्ठीखाली पेन्सिलीने, बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: पान ६१, समासातली शाई उन्हाने गेली. पुस्तक मी खिडकीपाशी उघडे ठेवत असे. दोष दुरुस्ती करणाराचा नाही. तारीख सभेच्या दुसऱ्या दिवसाची.

“ऊन!” बाई हसल्या. “उन्हाने कागद पिवळा पडतो, कडक होतो. हे पान सगळ्यात गोरं आहे, आणि आवाज बघा कसा मऊ. हे पाण्यात बुडवलेलं आहे. मालकमंडळींचं नेहमीचंच हो, घरी प्रयोग करतात आणि उन्हावर ढकलतात. मी पाण्यात घातलं असं आजवर एकाने लिहिलेलं नाही.” त्या लिहू लागल्या आणि लिहिता लिहिता बोलत होत्या. “पान एकसष्ट, पूर्वीच्या मालकाकडून खराब. समासातल्या नोंदीचा दावा... पुराव्याविना.”

“म्हणजे काय?” आईने विचारलं. “दावा म्हणजे?”

“म्हणजे तिथे काही लिहिलेलं होतं असं डॉक्टर म्हणत, पण—”

“हे विसरायचे,” आई म्हणाली. “छत्री विसरायचे, मला बसस्टॉपवर विसरून आले होते एकदा. पण खोटं बोलायचे नाहीत हो.”

बाईंनी आवाज खाली आणला. “तसं नाही म्हणत मी, वहिनी. वाचणाऱ्या माणसाला कधी कधी हवं ते दिसतं, इतकंच.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही सांगा, तुम्ही याच धंद्यातल्या. पाणीच ना?”

पाणीच, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. ते खरंही होतं. बाबांचं नाव ग्रंथालयाच्या यादीत एक हौशी, थोडा खोटारडा म्हातारा म्हणून गेलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात माझं पत्र आलं असतं.

“पाणीच,” मी म्हणाले. “मी घातलं होतं. थेंब न लावता.”

बाईंचं पेन थांबलं.

“तिथे तीन ओळी होत्या. मी पाहिल्या होत्या. चिठ्ठीवर ‘कोरडी साफ केली’ हे मी खोटं लिहिलंय. उन्हाचं पण मीच बाबांना सांगितलं. त्यांनी माझं खोटं त्यांच्या अक्षरात लिहून ठेवलं.”

आईकडे बघायचं धाडस झालं नाही. ती कुठे उभी आहे ते तिच्या श्वासावरून कळत होतं.

“पुरावा असेल,” मी म्हणाले आणि पिशवीतून दिवा काढला. तो मी सकाळीच पिशवीत टाकला होता. का टाकला ते तोवर स्वतःला विचारलं नव्हतं. टेबलावरचा दिवा मालवला. भर दुपारच्या उन्हात त्या खोलीत मिट्ट काळोख झाला. आईचा पडदा पक्का होता.

पान निळं उजळलं. समासात आधी काही नव्हतं. मग डोळे सरावले आणि बारीक काळ्या रेघा वर आल्या, तुटक, थरथरत्या. पहिली ओळ अर्धी गेलेली होती. दुसरी जवळजवळ पूर्ण दिसत होती. तिसऱ्या ओळीतला एकच शब्द, वहीप्रमाणे ‘निम्मी’, पण त्याच्याखाली दोन रेघा मारलेल्या. ती भाषा बाईंना वाचता येते. मी बाबांची वही उघडून छोट्या टॉर्चने अक्षरं दाखवत गेले, बाई पानावर बोट न टेकवता वाचत गेल्या.

“... सात. हो, सात. आठवा माझा होता...” त्या आणखी वाकल्या. “वहीत प्रश्नचिन्ह का आहे इथे?”

“आकडा त्यांना लागला नव्हता.”

“मला दिसतोय. चार. चार वर्षांचा.”

अकरा वर्षांपूर्वी बाबा त्या स्टुलावरून उठल्यावर मी घरी येऊन हा दिवा लावला असता तर हा आकडा त्यांना मिळाला असता. पाच मिनिटांचं काम होतं.

बाईंनी टेबलावरचा दिवा लावला. आधी लिहिलेल्या दोन्ही ओळी खोडल्या आणि नव्याने लिहिल्या. या वेळी मोठ्याने बोलल्या नाहीत. मग कागद नीट लावत म्हणाल्या, “हे मला समितीला सांगावं लागेल.”

“हो.”

“पान बुडालं म्हणून नव्हे. पानं आम्ही सगळ्यांनी बुडवलीत. चिठ्ठी खोटी लिहिली म्हणून.” त्या उठल्या. दाराशी आईचा हात हातात घेतला आणि गेल्या.

आई बाबांच्या खुर्चीवर बसली. बराच वेळ हाताने टेबलाची कड चोळत होती.

“बावीस वर्षं मी त्यांना त्या उन्हावरून बोलत होते,” ती म्हणाली. “पाहुण्यांसमोर सुद्धा. एवढा डॉक्टर पण उन्हाचं कळत नाही, म्हणून. ते हसायचे.” मग म्हणाली, “आणि तू ऐकत होतीस.”

“हो.”

“सगळ्या वेळी?”

“बहुतेक सगळ्या वेळी.”

ती उठली, कोपऱ्यातलं स्टूल खिडकीशी ओढलं आणि त्यावर चढायला लागली. तिचे गुडघे दुखतात. मी धरायला पुढे झाले.

“हात लावू नकोस,” ती म्हणाली. “तू तुझं लिही.”

मी पेन्सिल घेतली. बाबांची ओळ तशीच ठेवून तिच्याखाली नवी चिठ्ठी चिकटवली. पान ६१ पाण्यात धुतलं, शाईची चाचणी न घेता, माझ्या हातून. वरच्या दोन्ही नोंदी खोट्या; पहिली माझी, दुसरी मी लिहायला लावलेली. समासातल्या ओळी अतिनील दिव्याखाली दिसतात. डॉक्टरांचं वाचन बरोबर. सुटलेला आकडा: चार.

माझ्यामागे पडद्याच्या कड्या एकेक करून सुटत होत्या. शेवटची निघेना. आई तिला काहीबाही बोलत होती, बाबांना बोलायची तसंच. मग पडदा धप्पकन खाली आला, बावीस वर्षांच्या धुळीसकट, आणि टेबलावर ऊन पडलं. मी नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि पुस्तक मिटून सावलीत सरकवलं. आई स्टुलावरच उभी होती, खाली उतरायला भिंत चाचपत. या वेळी मी तिला न विचारता धरलं. तिने हात सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.